तेवीस मिनिटांची बाजू

"तुझंच बरोबर आहे, मर्विन," नेव्हिल म्हणाला. "'मिठाचा रस्ता'च सरस. मानलं बाबा." एवढं बोलून त्यानं चीज-कांद्याच्या गोल पावाचा उरलेला घास तोंडात टाकला, बोटं पँटला पुसली आणि घराच्या पन्हळीत पानं अडकून पाणी भिंतीवर उतरतंय ते सांगायला लागला.

मर्विन गार्लिक त्याच्याकडे बघत राहिला. दाराला पलीकडून कुणीतरी पाठ लावून उभं आहे अशा समजुतीनं सगळा भार टाकून ढकलावं आणि दार नुसतंच लोटलेलं असावं, तसा त्याचा आतल्या आत तोल गेला. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. आठवडाभर घोळवलेलं, आंघोळ करताना, बसची वाट पाहताना, जॅनिस काहीतरी सांगत असताना मनातल्या मनात घासूनपुसून ठेवलेलं वाक्य. बासरीबद्दलचं. ते आता कुणाला म्हणायचं? शनिवारची दुपार होती, कॉव्हेंट्रीच्या बाजारामागचा 'प्लम्ब लाइन' हा नेहमीचा पब होता, खिडकीजवळचं डगडगणारं टेबल होतं. पायाखाली घडी करून घातलेला पुठ्ठासुद्धा जागेवर होता. आणि समोर नेव्हिल टॉड, ज्यानं १९७३ सालापासून एकदाही, अगदी तापानं फणफणला असतानासुद्धा, मर्विनला "तुझं बरोबर" असं म्हटलेलं नव्हतं.

वाद दोन गाण्यांचा होता. गाणी कसली, रेकॉर्डची एकेक अख्खी बाजू. 'पेल मेरिडियन' या बँडचा 'मिठाचा रस्ता' तेवीस मिनिटांचा. 'लॉर्ड फेरेट' या दुसऱ्या बँडची 'मधमाश्यांची संसद' चोवीस मिनिटं आणि वर दहा सेकंदांची. त्या वेळी सगळेच बँड अशा लांबलचक रचना करायच्या मागे लागले होते, तीन मिनिटांचं गाणं म्हणजे पोरखेळ असं त्यांना वाटायचं, आणि मर्विन-नेव्हिललाही वाटायचं. दोघं अठरा वर्षांचे, लेथ आणि मिलिंग मशीन बनवणाऱ्या एकाच कारखान्यात शिकाऊ. मर्विन वर ड्रॉइंग ऑफिसात, नेव्हिल खाली यंत्रांच्या ग्रीसमध्ये. कँटीनमध्ये नेव्हिलच्या काखेत कागदी पिशवीतली रेकॉर्ड दिसली म्हणून मर्विननं विचारलं काय आहे, त्यानं 'मधमाश्यांची संसद' दाखवली, आणि मर्विन म्हणाला, "हे? यापेक्षा 'मिठाचा रस्ता' कितीतरी बरा." ही त्यांची ओळख. नावं त्यांनी एकमेकांना नंतर सांगितली.

"का?" मर्विननं आता विचारलं.

"का म्हणजे? पानं पडतात, अडकतात. शिडी लावून काढायला पाहिजेत."

"पन्हळ नाही रे. का मानलंस ते विचारतोय."

"पटलं." नेव्हिलनं ग्लासमधला फेस बघितला. "माणसाला कधीतरी पटायला नको?"

"कधी पटलं?"

"असंच. हल्लीच."

"आणि बासरी?"

"बासरी जरा जास्तच आहे त्यात," नेव्हिल म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाई ढकलगाडीचं चाक पायानं सरळ करत होती.

बासरी जास्त आहे. 'मधमाश्यांची संसद'मधल्या ज्या बासरीसाठी हा माणूस सत्याहत्तर साली दोन महिने मर्विनशी बोलला नव्हता. त्या वर्षी केस रंगवलेल्या, कपड्यांना सेफ्टी पिना लावलेल्या पोरांनी असल्या लांब गाण्यांची रेवडी उडवून टाकली, आणि ओळखीतल्या प्रत्येकानं आपापल्या रेकॉर्डी जुन्या बाजारात देऊन टाकल्या. तेव्हा या पोरांसमोर, त्यांच्या तोंडावर, नेव्हिल बासरीची बाजू घेऊन उभा राहिला होता आणि ओठ फुटेपर्यंत मार खाऊन आला होता. दुसऱ्या दिवशी मर्विन त्याला म्हणाला होता की मार चुकीच्या गाण्यासाठी खाल्लास. त्यावरून दोन महिने अबोला. आणि आता म्हणे जास्तच आहे. मर्विनला वाटलं, उठावं आणि याची कॉलर धरावी. पण त्रेसष्टाव्या वर्षी कॉलर धरताना माणूस कसा दिसेल हेही लगेच डोळ्यांपुढे आलं, आणि तो नुसताच बसून राहिला. निघताना नेव्हिलनं त्याच्या दंडाला हात लावला. नेव्हिल कधी कुणाच्या दंडाला हात लावत नसे.

घरी चालत जाताना, रिंगरोडखालच्या भुयारी वाटेत, त्याला उलगडा झाल्यासारखं वाटलं. नेव्हिलला काहीतरी झालंय. असंच असणार. माणसं असं करतात, निरवानिरव करतात, जुनी भांडणं मिटवतात. गेल्या महिन्यात तो खोकत होता. किती वेळा? पावाचा शेवटचा तुकडा त्यानं बळंच खाल्ल्यासारखा वाटला होता का? पँटही सैल झाली होती, बोटं पुसताना कापड कसं गोळा झालं होतं ते मर्विनला दिसलं. एकटा राहतो, कुणाला सांगणार? आणि त्याची दया येण्याऐवजी मर्विनला रागच आला. मरायचं तर मर, पण त्यासाठी 'मधमाश्यांची संसद' सोडून द्यायचं काय कारण? माणसानं मरताना निदान आपली बाजू तरी धरून मरावं. भुयारात कुणीतरी भिंतीवर निळ्या रंगाचा मासा काढलेला होता. तो मागे टाकून मर्विन बाहेर आला तेव्हा डावीकडे वळायचं की उजवीकडे हे त्याला क्षणभर कळलं नाही. क्षणभरच. मग कळलं. हल्ली हे व्हायचं, आणि प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगायचा की आपण विचारात होतो.

जॅनिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"नेव्हिलचं काहीतरी बिनसलंय," मर्विन कोट न काढताच म्हणाला.

"काही बिनसलं नसेल. तूच म्हणतोस ना, पंचेचाळीस वर्षं ऐकत नव्हता म्हणून. आता ऐकलं, तर त्याचाही त्रास करून घेतोस. जिंकलास ना? मग चहा घे आणि गप्प बस."

"जिंकलो म्हणजे काय? हे काय जिंकणं झालं?"

"कोट काढ," जॅनिस म्हणाली. तिनं वळून बघितलं नाही. सालीची एक लांब पट्टी सुरीवरून ओट्यावर पडली.

दोन आठवड्यांपूर्वी दवाखान्यातल्या बाईंनी त्याला कागद-पेन्सिल दिली होती आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या. मर्विनला हसू आलं होतं. एकोणचाळीस वर्षं त्यानं गिअरची चक्रं, बेअरिंगची घरं, केसाइतक्या फरकानं बसणारे शाफ्ट कागदावर उतरवले होते. त्यानं हातानं, कंपास न घेता, वर्तुळ काढलं, आणि ते इतकं नेमकं आलं की बाई स्वतःहून म्हणाल्या, वा. मग त्यानं आकडे घातले. घालून झाल्यावर बघितलं तर बाराही आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसलेले, आणि डावी बाजू पांढरी, कोरी. आपण ते केव्हा केलं हे त्याला कळलं नव्हतं. चुकतंय असं करताना एकदाही वाटलं नव्हतं. तीच गोष्ट त्याला खुपत होती, चूक नव्हे, तर चूक होताना मिळालेलं ते पूर्ण समाधान. बाईंनी कागद फाइलमध्ये ठेवला. आत्ताच घाबरण्यासारखं नाही, सुरुवात आहे, कधीकधी वर्षानुवर्षं जातात, असं काहीबाही सांगितलं. बाहेर आल्यावर जॅनिसनं त्याचा हात धरला आणि त्यानं तो पार्किंगचं तिकीट शोधायच्या निमित्तानं सोडवून घेतला. "कुणाला सांगायचं नाही," तो गाडीत म्हणाला. ती "बरं" म्हणाली होती. म्हणाली होती ना?

रविवारी जॅनिस बहिणीकडे गेली. मर्विननं मागच्या खोलीत जाऊन 'मिठाचा रस्ता' लावला. रेकॉर्ड त्यानं कधीही कडेला सोडून मध्ये धरलेली नव्हती, तशी आजही धरली नाही. ब्रशनं पुसली, सुई ठेवली, खुर्चीत बसला. सुरुवातीला ऑर्गनवर ते अकरा सूर आले, एकेक, सकाळी ओहोटीच्या चिखलात कुणीतरी पाय जपून टाकत जावं तसे. मग बेस चालायला लागला, सात मात्रांच्या त्या लंगड्या चालीत, मिठाच्या गोणी लादलेली खेचरं. पुढे वादळ. मग सगळं थांबून एकटी गिटार. आणि शेवटी तेच अकरा सूर, निम्म्या गतीनं, देवळाएवढे मोठे होऊन. मर्विनला अठराव्या वर्षी जे वाटलं होतं ते हे, की पहिली वीट ठेवण्याआधीच या माणसांना आढ्याचा वासा कुठे टेकणार ते माहीत होतं. ड्रॉइंग बोर्डावर वाकून बसलेल्या पोराला याहून मोठं काही असू शकतं हे पटलंच नसतं. आज मात्र तो ऐकत बसला आणि काहीच झालं नाही. म्हणजे सूर जागच्या जागी होते. पण दुसऱ्या भागात, जिथे नेव्हिल हटकून नाकातून फुस्स करायचा आणि "आली बघ गाढवं" म्हणायचा, तिथे कुणी फुस्स केलं नाही. गिटारीपाशी कुणी मुद्दाम मोठ्यानं जांभई दिली नाही. इतकी वर्षं मर्विन हे गाणं नेव्हिलच्या कानांविरुद्ध ऐकत आला होता. प्रत्येक सुराला तो मनात वकिलासारखा उभा राहायचा. आज समोर कुणी फिर्यादी नव्हता, आणि गाणं नुसतंच चांगलं होतं. चांगलं, नीटनेटकं, जुनं. एखाद्याच्या घरातल्या चांगल्या कपाटासारखं.

त्याला चौऱ्याहत्तरचा जानेवारी आठवला. वीज वाचवायची म्हणून सरकारनं कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवायला परवानगी दिली होती, बाकीचे दिवस दोघं नेव्हिलच्या आईच्या बैठकीत पालथे पडून एक बाजू ऐकायचे, मग दुसरी, मग परत पहिली. नेव्हिल म्हणायचा, मधमाश्या राणीला हाकलायचा ठराव करतात, तिथे गोंधळ नको तर काय पाहिजे? सात मिनिटं ड्रम, बासरी आणि कुणीतरी जिन्यावरून डबे सोडल्यासारखा तो आवाज, त्यात गायकानं काढलेले नर माशीचे आणि कारकून माशीचे आवाज. मर्विनला शिसारी यायची. "पण त्यानंतर काय येतं ते ऐक की," नेव्हिल हात वर करून म्हणायचा. त्यानंतर गिटारीचा एकच सूर लांब, लांब धरलेला, आणि त्याच्यातून हळूच एक सुरावट, जी आधी कुठेही आलेली नसते आणि पुन्हा कुठेही येत नाही. "आधी तयारीच केलेली नाही तिची. उसना शेवट आहे हा," मर्विन म्हणायचा. "तयारी करून जे येतं ते गॅसचं बिल," नेव्हिल म्हणायचा. एकदा ते दोघे इतके तावातावानं भांडत होते की नेव्हिलची आई इस्त्री हातात घेऊन दारात आली. तिला त्यांनी निकाल द्यायला सांगितलं. तिनं दोन्ही बाजू, सगळी सत्तेचाळीस मिनिटं, इस्त्री करत ऐकल्या. मग म्हणाली, "पहिलं धूळ ओढायचं यंत्र आहे. दुसरं त्या यंत्रात अडकलेलं मांजर."

मर्विनला एकट्यालाच हसू आलं, आणि हसता हसता थांबलं. जॅनिस काल म्हणाली होती, जिंकलास ना. पण आपण तिला सांगितलं होतं कुठे? आपण घरात शिरलो, नेव्हिलचं बिनसलंय म्हणालो, बस. नेव्हिलनं मानलं हे आपण बोललोच नव्हतो. मग तिला कसं कळलं? रेकॉर्ड संपून सुई मधल्या गोल खाचेत खरखरत फिरत होती, ती त्यानं तशीच फिरू दिली. तो पुन्हा दारातून आत आला, मनातल्या मनात, कोट अंगात, बटाट्यांचा तो मातकट वास. नेव्हिलचं काहीतरी बिनसलंय. त्याच्या आधी काही म्हणालो का? बाहेर बागेतूनच हाक मारून सांगितलं का? सांगितलं असेलही. आपण हल्ली सांगतो आणि विसरतो. आणि आता जॅनिसला विचारावं, मी तुला सांगितलं होतं का, तर ती तसं बघेल. ते बघणं त्याला ठाऊक होतं. गेल्या चारपाच महिन्यांत तिनं ते शिकून घेतलं होतं, ओठ हसरे आणि डोळे मोजमाप घेणारे. सांगितलं असेल तर आपलं डोकं गेलंय. सांगितलं नसेल तर जॅनिस आणि नेव्हिल, दोघांनी मिळून... त्यातलं काय बरं, हे त्याला ठरवता येईना. एकीकडे स्वतःवर विश्वास नाही, दुसरीकडे जगात आपली जी दोनच माणसं आहेत त्यांच्यावर नाही. संध्याकाळी जॅनिस आली, बहिणीच्या सुनेबद्दल बोलली, केकचा तुकडा त्याच्यासाठी आणला होता तो दिला. त्यानं खाल्ला. काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी तो बसनं अर्ल्सडनला, नेव्हिलच्या घरी गेला. नेव्हिल खरंच शिडीवर चढलेला होता आणि हातमोजे घालून पन्हळीतला काळा लगदा खाली फेकत होता. सत्तर किलोचा, घामानं भिजलेला, सकाळच्या उन्हात शीळ घालणारा माणूस. तो मरत बिरत नव्हता हे बघताक्षणी कळत होतं.

"खाली ये," मर्विन म्हणाला.

"अरे, आज सोमवार आहे."

"मला माहीत आहे आज कोणता वार आहे. खाली ये."

नेव्हिल उतरला. दोघं स्वयंपाकघरात गेले. नेव्हिलनं हात धुतले, किटली लावली, कप काढले, आणि या सगळ्यात त्याची पाठ मर्विनकडेच होती, जॅनिसची होती तशी. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे कधीपासून झाल्या, मर्विनच्या मनात आलं.

"जॅनिसनं तुला काय सांगितलं?"

नेव्हिलनं कपात दूध घातलं. मर्विन दूध नंतर घालून घेतो हे त्याला माहीत होतं, तरी आधी घातलं.

"मंगळवारी फोन आला होता तिचा," तो शेवटी म्हणाला. "रडत होती. म्हणाली, तुला सांगू नको. आता तूच विचारतोयस, तर खोटं कशाला बोलू."

म्हणजे आपण तिला सांगितलं नव्हतं. आपलं डोकं शनिवारी तरी शाबूत होतं. मर्विनला एकदम हलकं वाटलं, आणि ते हलकेपण पुरतं अनुभवायच्या आतच राग आला.

"म्हणून तू मला जिंकू दिलंस."

"जॅनिस म्हणाली, शनिवारी घरी येतोस तेव्हा फार थकलेला असतोस. शब्द सापडत नाहीत, मग भांडी आपटतोस. वाद घालून दमतोस म्हणाली. जरा सांभाळून घे. तर मी सांभाळून घेतलं."

"मी काय चार वर्षांचा आहे? सापशिडीत मुद्दाम हरतात तसं?"

"मग काय करायला पाहिजे होतं मी? सांग ना तूच." नेव्हिलचा आवाजही चढला. "मला कुठे ठाऊक आहे असल्या वेळी काय करतात ते?"

"तुझी बायको गेली त्या शनिवारी मी काय केलं होतं?"

एकोणनव्वदचा ऑक्टोबर. नेव्हिलची बायको मो आपल्या बॅगा आणि धाकट्या मुलीला घेऊन ब्रिस्टलला निघून गेली गुरुवारी, आणि शनिवारी नेव्हिल पबमध्ये आला, दाढी न करता, आणि बसला. मर्विनला कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. त्याला वाटलं होतं, काहीतरी बोलावं. पण ते बोलायची भाषा त्याच्याकडे नव्हती. त्याच्याकडे होतं ते एवढंच, की त्यानं ग्लास ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या त्या कारकून माशीचा आवाज मला काल पुन्हा ऐकावा लागला, रेडिओवर. किती हलकट गाणं आहे रे." आणि पुढचे दोन तास त्यानं 'मधमाश्यांची संसद' हप्त्याहप्त्यानं सोलून काढली होती, दया न दाखवता, आणि नेव्हिलचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला होता, आणि मग त्यानं टेबलावर मूठ आपटून बासरीची बाजू घेतली होती. ते दोघं त्याबद्दल नंतर कधी बोलले नव्हते. आज मर्विन बोलला, आणि बोलल्यावर त्याला वाटलं, नको होतं बोलायला.

"ते वेगळं होतं," नेव्हिल म्हणाला.

"काय वेगळं?"

"बायको गेली होती. मी होतोच ना तिथे, पुरता."

किटलीचं झाकण वाफेनं थडथडत होतं. नेव्हिलनं ती बंद केली. काय बोलून गेलो हे त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं मर्विनला दिसलं, आणि का कोण जाणे, गेल्या दोन आठवड्यांत कुणी त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच खरं वाक्य आहे असं त्याला वाटलं. बाकी सगळे कापसातून बोलत होते.

"मी अजून पुरता आहे," मर्विन म्हणाला. "आज आहे. बोल."

"काय बोलू?"

"'मिठाचा रस्ता' कसा आहे ते."

"बरं आहे की. चांगलं आहे. शेवट जरा..."

"नेव्हिल."

नेव्हिल खुर्ची ओढून बसला. काही वेळ त्यानं टेबलावरचा साखरेचा कण बोटानं इकडून तिकडे नेला. मग तो बोलायला लागला, आधी अडखळत, मग त्याला त्याची गती सापडली. तो म्हणाला की ते अकरा सूर शेवटी परत येतात ना, ते काही शहाणपण नाही, तो भित्रेपणा आहे. त्यांना पुढे कुठे जायचं ते सुचलं नाही म्हणून ते घरी परत आले, आणि घरी आल्याचं दुःख लपवायला म्हणून आवाज मोठा केला. तो म्हणाला की हे त्याला वीस वर्षांपूर्वी कळलं होतं आणि त्यानं मुद्दाम बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्यावर मर्विनकडे उत्तर नसेल असं त्याला वाटलं होतं. "म्हणजे बघ, मी तुला आधीपासूनच सांभाळून घेत होतो," तो म्हणाला. "बाहेर काही नवीन दिसेल याची ज्यांना भीती वाटते ना, त्या माणसांचं गाणं आहे ते, मर्विन. तुझं गाणं आहे ते."

हे लागलं. हे बरगडीच्या आत जाऊन लागलं. मर्विननं उत्तर शोधलं. उत्तर होतं, त्याला ते दिसत होतं, आकाराला आलेलं, फक्त अजून दूर. "परत येतात ते तेच सूर नसतात," तो म्हणाला, "तेच असतात पण तेच नसतात. मध्ये एवढा... मध्ये ते सगळं झालेलं असतं. दुसऱ्या भागातलं वादळ. दुसऱ्या भागात वादळ झाल्यावर ते सूर..."

"वादळ तिसऱ्या भागात आहे," नेव्हिल म्हणाला.

"दुसऱ्या."

"तिसऱ्या. दुसऱ्यात खेचरं."

मर्विन थांबला. खेचरं. हो. काल ऐकलं, कालच, खुर्चीत बसून. वादळ त्याला ऐकू येत होतं, पण ते कुठे होतं ते दिसत नव्हतं. सगळे भाग एका अंगाला दाटले होते. त्यानं नेव्हिलकडे बघितलं. आता हा ते तसं बघणार, जॅनिससारखं, आणि दंडाला हात लावणार, आणि म्हणणार, असू दे, कुणाचंही होतं असं. नेव्हिलचा हात टेबलावरून थोडा पुढे आलाही. मग तो थांबला, आणि नेव्हिलनं त्याच हातानं कप उचलला.

"पंचेचाळीस वर्षं," नेव्हिल म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं माझं डोकं खाल्लंस, रचना, बांधणी, आढ्याचा वासा. आणि आपल्या घरात वादळ कोणत्या खोलीत आहे हे तुला माहीत नाही. लाज वाटायला पाहिजे, लेका."

"वाटते," मर्विन म्हणाला. "पण तुझा मुद्दा चूकच आहे."

"कसा चूक?"

"सांगतो. थांब जरा."

नेव्हिल थांबला. त्यानं शब्द पुरवला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही, चहा ढवळला नाही. मागच्या अंगणात लगद्याचा वास उन्हाबरोबर वर येत होता. मर्विनचे ओठ दोनदा हलले. उत्तर आलं नाही, आणि ते आज येणार नाही हे दोघांनाही कळलं. मर्विननं कप दूर सारला.

"एक वचन दे," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज चिडका वाटला. "हे आणखी वाढलं, की मी काहीही बोलेन. समज, एक दिवस मी म्हणालो की 'मधमाश्यांची संसद'च सरस आहे. मला काही आठवत नसेल, आणि मी तुझीच बाजू घेऊन बसेन. तर त्या दिवशी तू माझी घ्यायचीस. 'मिठाचा रस्ता' सरस आहे म्हणायचं, आणि माझ्याशी भांडायचं. कुणीतरी त्या बाजूला असलं पाहिजे."

नेव्हिलनं विचार केला. खरोखरच केला. कपाळाला आठ्या घालून, जबडा एका बाजूला ओढून, पन्हळीतून पाणी कुठून झिरपतंय हे शोधावं तसा.

"नाही," तो म्हणाला. "ते नाही जमणार. बाकी काय म्हणशील ते करीन. दवाखान्यात नेईन, जॅनिसला आराम पाहिजे तेव्हा तुझ्याजवळ बसेन, तुझे बूट बांधीन. पण इतकं भिकार गाणं चांगलं आहे असं मी पुन्हा म्हणणार नाही. शनिवारी एकदा म्हणालो, मर्विन, आणि दोन दिवस मला जेवण गेलेलं नाही."